आतल्या बाजूचं पॉलिश

१

नारायणने रेडिओग्राम घरी आणला तेव्हा तो जिन्यावरून वर चढवताना चार धडधाकट माणसं मेटाकुटीला आली. खालच्या बिऱ्हाडातल्या चांगुणाबाई पदर खोचून दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पेटी हाय का पलंग म्हनायचा ह्यो?"

"गाणं वाजवायचं यंत्र आहे, चांगुणाबाई," नारायण धापा टाकत म्हणाला.

"मग वाजवा की."

"वाजत नाही ना!"

चांगुणाबाई खो खो हसत आत गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? नगरात त्या वर्षी पाण्याचा ठणठणाट, माळीवाड्यात टँकर आला की हंड्याकळशांची हाणामारी, आणि हे साहेब काष्टीहून टेम्पोत घालून काय आणतात, तर न वाजणारं यंत्र! नारायण जिल्हा परिषदेत कारकून. दुष्काळी कामांच्या पाहणीला गेला असताना काष्टीच्या आप्पासाहेब बागाईतदारांच्या ओसरीवर ही वस्तू धूळ खात पडलेली त्याला दिसली. "लई जागा आडवतंय, न्या की तुमी," असं आप्पासाहेबांनी म्हणायचा अवकाश, आमचा गडी विरघळला.

"लाकूड बघ लीना, लाकूड," तो बायकोला म्हणाला.

लीनाने बघितलं आणि तीही विरघळली. सागवानी सांगाडा, वर शिसवीचा पातळ पापुद्रा, चार निमुळते पाय, वर उघडणारं रुंद झाकण आणि दोन्ही अंगांना जाळीच्या कापडामागे एकेक कर्णा. हे स्टिरिओ होतं, म्हणजे एका बाजूने तबला आणि दुसऱ्या बाजूने पेटी ऐकू यावी अशी सोय. लीना मनात म्हणाली, वा, एका कानाच्या बाईच्या घरी दोन कानांचं यंत्र आलं!

कारण लीनाचा डावा कान वर्षभरापासून दगा देत होता. आणि लीना होती टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर. दिवसभर कानाला हेडफोन. हॅलो पुणे, हॅलो नेवासा, बोला, जोडते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आज डावा गेला, उद्या उजवाही जाणार, याला औषध नाही. नारायणला हे ठाऊक होतं. तेव्हापासून तो रस्त्याने चालताना न सांगता तिच्या उजव्या हाताला यायचा. ऑफिसात मात्र अजून कुणाला पत्ता नव्हता, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ऑपरेटर बायकांची वैद्यकीय तपासणी होती.

नोकरी गेली तर तिला वाईट वाटणार होतंच. पण खरी धास्ती वेगळी होती. नारायण बोलघेवडा माणूस. आंघोळ करताना बेसूर गाणार, जेवताना साहेबाची नक्कल करणार, झोपेतसुद्धा बडबडणार. त्याचा आवाज एक दिवस ऐकू यायचा थांबला तर काय?

२

यंत्राचा आतला भाग गोरक्षनाथ रेडिओवाल्याने स्क्रू काढून दुरुस्तीला दुकानात नेला. मागे राहिलं नुसतं रिकामं खोकं. ते लीनाने स्वतःच्या हाताने नवं करायचं ठरवलं. तिचे वडील राधाकृष्णपंत हार्मोनियम दुरुस्त करायचे. परकरी वयापासून तिची नखं लाखेने पिवळी असायची, त्यामुळे सुताराला बोलवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

सकाळपाळी करून आली की जेवायचं आणि खोक्याला भिडायचं. स्पिरिटमध्ये फडकं बुडवून तिने जुनं पॉलिश काढलं. ते गुळाच्या काकवीसारखं सुटून आलं. मग पॉलिशपेपरने घासणं आलं. घरभर लाकडाची पूड, नारायणच्या चहावर पूड, उशीवर पूड. तो म्हणाला, "बाई, मलाही एकदा घासून काढ. निदान दिसेन तरी बरा."

"तुम्हाला घासायला एवढा पेपर नाही हो आणलेला."

घासून झाल्यावर एक काम असतं. वरचा पापुद्रा खालच्या लाकडापासून कुठे सुटलाय का, ते बघायचं. हे डोळ्यांना कळत नाही. बोटाच्या पेराने टकटक करत जायचं आणि लाकडाला कान लावायचा. घट्ट जागा एक बोलते, पोकळ जागा दुसरंच बोलते. वडिलांनी शिकवलेलं अंगवळणी पडलेलं होतं. उजव्या हाताने टकटक, डावा कान लाकडावर. लीनाने झाकणावर डोकं टेकवलं आणि मग तिला आठवलं की हा कान कामातून गेलाय. स्वतःचंच हसू आलं तिला.

डोकं उचलणार तेवढ्यात तिला टकटक ऐकू आली. लख्ख.

ती तशीच राहिली. पेराची टकटक थांबवली तरी आवाज येतच होते. खाली चांगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून खडा उचलून त्या ताटलीत टाकत होत्या, तो पडताना वाजत होता. एस.टी. स्टँडावरचा कर्णा शिरूरची गाडी लागल्याचं सांगत होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी कुणीतरी बोलत होतं, "आज नको बाबा, घरी बायको लाकडं घासतेय, तोंडात तसाही भुसाच जातो."

नारायण! पानाची टपरी कुठे, आपलं घर कुठे!

तिने झटक्यात मान वर केली. उजवा कान तळहाताने दाबून धरला आणि वाट पाहिली. जिन्यावर नारायणच्या चपला वाजल्या, त्या तिला डाव्या कानाने ऐकू आल्या.

३

आता लीनाच्या जागी दुसरी कुणी असती तर नवऱ्याला मिठी मारून रडली असती. लीनाने तसं काही केलं नाही. तिचा स्वभाव चौकस. आधी नीट बघू, मग बोलू. बोर्डावर बसणाऱ्या बाईला लाईन खात्रीची आहे की नाही हे तपासल्याशिवाय "जोडते" म्हणायची सवय नसते.

तिने तपासलं. डाव्या कानाची ताकद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली, मग हळूहळू विझली. पुन्हा झाकणाला कान लावला, पुन्हा आली. टेबलाला लावून पाहिला, दाराला लावून पाहिला, चांगुणाबाईंच्या कणगीलाही लावून पाहिला. "काय हुडकता वो, उंदीर?" त्यांनी विचारलं. कुठेच काही नाही. जे काय होतं ते या खोक्यात होतं.

"लाकूड आवाज ओढून घेतं," ती स्वतःला सांगायची. "मोठं रिकामं खोकं आहे. तंबोऱ्याचा भोपळा नाही का आवाज मोठा करत, तसंच हे." डोकं उचलल्यावरही कान दिवसभर कसा चालतो, याला मात्र भोपळ्याचं उत्तर पुरत नव्हतं. मग ती तो विचार बाजूला ठेवायची.

दरम्यान पॉलिश सुरू झालं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचा, त्यावर तेलाचं बोट लावायचं आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात. लाकडातून काळसर तांबडा रंग वर यायला लागला. नारायण तर येता-जाता झाकणात तोंड बघून भांग पाडायला लागला.

बाहेरचं काम झालं तरी अर्धा डबा उरला. विरघळवलेली लाख ठेवून चालत नाही, खराब होते. वडील म्हणायचे, पेटी आतून कधी पॉलिश करायची नाही, आतलं लाकूड उघडं ठेवायचं. पण असल्या टंचाईच्या दिवसांत चांगली लाख मोरीत ओतायला तिचा जीव होईना. झाकण उघडलं की आतली बाजू दिसणारच, असं म्हणत तिने झाकणाची आतली बाजू पॉलिश केली. मग हात थांबेना म्हणून आतल्या चारही भिंती, तळ, सगळंच.

दुसऱ्या दुपारी तिने रोजच्यासारखा झाकणावर कान टेकवला. पॉलिश अजून कोवळं होतं. तिच्या कानाचा पुसट ठसा उमटला. "गाढवच आहे मी," असं म्हणत तिने तो फडक्याने मिटवला आणि आतली बाजू वाळली का बघायला झाकण उघडलं.

आतल्या बाजूला, अगदी त्याच जागी, एक कान उमटलेला होता.

४

लीना पहिल्यांदा घाबरली नाही, हे सांगितलं पाहिजे. ती स्टूल घेऊन बसली, झाकण भिंतीला टेकवलं आणि खिडकीचा उजेड तिरपा पडेल असं वाकून बघत राहिली.

लाकूड बोटभर जाड. ठसा आरपार जायचा प्रश्नच नव्हता. शिवाय ठसा तिच्या कानाचा नव्हता. तिच्या कानाला फक्त पाळीत एक भोक. या ठशात वरच्या कडेलाही एक बारीक ठिपका होता, जिथे पॉलिशला काहीच लागलं नव्हतं म्हणून ते चकचकीत राहिलं होतं. बुगडीचं भोक. आणि ठशाखाली, गाल असतो त्याच्या पुढे, पॉलिशवर पांढुरकी साय धरली होती.

लाखेवर अशी साय धरते ती ओलीने. पावसाळ्यात पॉलिश करू नये म्हणतात ते यासाठीच. पण त्या वर्षी नगरात ओल कुठे होती? विहिरींनी तळ गाठलेला, हवा अशी कोरडी की ओठ फुटायचे. ओल येईल कुठून?

श्वासातून येईल, असं तिच्या मनात आलं, आणि तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सुट्टीच्या दिवशी ती एस.टी.ने काष्टीला गेली. निमित्त काय, तर रेडिओग्रामचं एक बटण हरवलंय, तुमच्याकडे राहिलं का? आप्पासाहेबांनी चहा मागवला. ओसरीवर त्यांची आई बसली होती, आक्काबाई.

"म्हातारीशी बोलायचं तर खुणंनं बोला," आप्पासाहेब म्हणाले. "कानापाशी तोफ उडाली तरी कळत न्हाई तिला."

लीनाचं लक्ष म्हातारीच्या कानाकडे गेलं. दोन्ही कान तिने नीट न्याहाळले. पाळीत भोकं होती. वर मात्र काहीच नव्हतं.

"आक्काबाईंनी बुगडी नाही का घातली कधी?"

"बुगडी?" आप्पासाहेबांना प्रश्नाची गंमत वाटली. "आमच्या घरात कुनीच न्हाई घातली. का वो?"

"काही नाही, सहज."

आक्काबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. तिने हाताने लीनाला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून तिची मान वळवली आणि तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग पदराच्या टोकाने ती कानाची कड पुसायला लागली, लेकराचं नाक पुसावं तशी. लीनाने हात लावून पाहिलं. बोटाला लाखेचा पिवळा डाग लागला.

"तू त्येचं ऐकतीस," म्हातारी बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने म्हणाली, "का त्ये तुजं ऐकतंय?"

"आये!" आप्पासाहेब ओशाळले. "असंच बरळती बगा हल्ली."

"घरात कोन कोन हाय?" आक्काबाईने विचारलं.

लीनाने दोन बोटं दाखवली. म्हातारीने त्या दोन बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हाताने त्यांतलं एक बोट दुमडून टाकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसली.

५

शहाण्या बाईने त्याच दिवशी खोकं घराबाहेर काढलं असतं. लीना शहाणी होती, पण तपासणी तोंडावर आली होती. एवढी एक तपासणी पार पडू दे, मग बघू, असं तिने स्वतःला बजावलं. रोज दुपारी कान लावायची, ठसा मिटवायची. आत बघायचं मात्र तिने बंद केलं. झाकण उघडायचंच नाही. बघितलं नाही तर काही नाहीच!

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी एकेकीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पाठीमागे लांब उभं राहून ते कुजबुजत आकडे म्हणायचे, ते ऐकून सांगायचे. लीनाने एकही आकडा चुकवला नाही. डॉक्टर आणखी मागे गेले, दाराबाहेर गेले. तरी नाही.

"बाई, कान आहेत का काय आहे!" डॉक्टर म्हणाले.

बोर्डावर शेजारी बसणारी सुचित्रा तिला चिमटा काढत म्हणाली, "आता तुझ्यासमोर कुणाबद्दल बोलायची सोय राहिली नाही गं."

लीना तरंगतच घरी आली. येताना जिलबी घेतली. नारायण आधीच आलेला होता. कान आपसूक सुधारतोय, एवढंच तिने त्याला सांगितलेलं होतं. पुढच्या खोलीत रेडिओग्रामच्या डाव्या अंगाला त्याची लाकडी खुर्ची असायची, तिथे बसून त्याने जिलबी खाल्ली आणि डॉक्टर कसा दारामागून कुजबुजला असेल, त्याची हुबेहूब नक्कल केली. लीनाला हसता हसता ठसका लागला. दोन्ही कानांनी त्याचा आवाज येत होता. केवढं सुख होतं ते! या खोक्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

नारायण पाणी आणायला खाली गेला आणि त्या आनंदाच्या भरात तिने झाकण उघडलं.

झाकणाच्या आत, तिच्या कानासमोर, फक्त पहिल्या काही दिवसांचे ठसे होते. मग ते सरकत गेले होते. काही खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, काही तळाला, खाली चांगुणाबाईंचं घर होतं तिकडे. आणि अलीकडचे सगळे डाव्या भिंतीवर होते, एकमेकांवर, गर्दी करून. नारायणची खुर्ची ज्या बाजूला होती, त्या बाजूला.

सगळ्यांत ताजा ठसा स्वच्छ होता. बुगडीचं भोकसुद्धा दिसत होतं. आणि त्याच्या शेजारी, साय धरलेल्या जागी, या वेळी दोन ओठ उमटले होते. किंचित उघडे. बोलायला लागलेल्या माणसाचे असतात तसे.

६

दुसऱ्या दिवशी लीनाने रजा टाकली आणि नारायण ऑफिसला गेल्यावर स्पिरिटची बाटली काढली. आता तिचा निश्चय झाला होता. माझा कान जाऊ दे खड्ड्यात, पण माझ्या माणसाच्या बाजूला हे तोंड नको. सगळं पॉलिश उतरवायचं आणि कोरं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकायचं.

तिने ओलं फडकं झाकणाच्या आतल्या बाजूवरून फिरवलं. पहिला ठसा विरघळला. स्टँडावरचा कर्णा "दौंडकडे जाणारी..." एवढं म्हणून थांबला.

तिचं लक्षही गेलं नाही. तिने दुसरा पुसला. कावळा ओरडत होता, तो गप्प झाला. खिडकीकडच्या भिंतीवरचा एक पुसला तेव्हा रस्त्यावरचा टांगा गेला. म्हणजे टांगा तिथेच होता. घोड्याच्या टापा पडताना तिला खिडकीतून दिसत होत्या. फक्त त्या वाजत नव्हत्या.

लीनाचा हात थांबला. आता तिला कळलं. खाली चांगुणाबाई खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या, ते अजून ऐकू येत होतं. तिने तळाचे ठसे पुसले आणि कुटणं बंद झालं, पायांना मात्र दणके जाणवत राहिले. डाव्या कानाचं देणं होतं, ते परत घेतलं जात होतं, एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. उजवाही चालला होता. तिने दोन्ही हात हलवून पाहिले. बांगड्या एकमेकींवर आपटल्या, पण किणकिणल्या नाहीत.

थांबायला हवं होतं का? कुणीही थांबलं असतं. पण त्या डाव्या भिंतीकडे बघितलं की तिला ते ओठ दिसायचे, आणि ती दात-ओठ खाऊन पुन्हा फडकं भिजवायची. एकेक करत गर्दीतले ठसे गेले. जगातला एकेक आवाज गेला. भांड्यांचा, घड्याळाचा, स्वतःच्या श्वासाचा. लष्कराच्या के. के. रेंजवर सरावाची तोफ उडाली तेव्हा खिडकीची काच नुसती थरथरली. अशी शांतता तिने जन्मात अनुभवली नव्हती. तिला रडू फुटलं, आणि आपलं रडणंही आपल्याला ऐकू येत नाही म्हणून जास्तच फुटलं.

दिवस कलला तेव्हा शेवटचा एकच ठसा राहिला. ओठांचा. तिने फडकं पिळलं आणि त्याच्यावर नेलं.

"लीना! ए लीना, अगं टँकर आलाय कोपऱ्यावर, हंडा दे पटकन!"

जिन्यातून नारायणचा आवाज आला. त्या एवढ्या मोठ्या शांततेत तेवढाच एक आवाज, लख्ख, अगदी कानाशी बोलावं तसा.

तिला कळून चुकलं की या शेवटच्या ठशाबरोबर काय जाणार. फडकं आणि लाकूड यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. पुस, ती स्वतःला म्हणाली, पुस मेले. "लीना, झोपलीस की काय?" तो पायऱ्या चढत होता, धापा टाकत, हसत. हाताने काही केल्या ऐकलं नाही. फडक्यातलं स्पिरिट उडून गेलं, ते हातातच कोरडं झालं. तिने झाकण खाली टाकलं आणि डोळे पुसले.

"काय गं, रडत होतीस?" नारायण दारात उभा होता.

"स्पिरिट गेलं डोळ्यांत," ती म्हणाली. निदान असं म्हणायला जीभ हलवली.

७

नोकरी सुटली ते ओघाने आलंच. तपासणीत अव्वल आलेली बाई आठवड्यात बहिरी कशी होते, याचं ऑफिसात सगळ्यांना कोडं पडलं. सुचित्रा येऊन गळ्यात पडून रडली. लीना तिच्या ओठांकडे बघत बसली.

नारायणला मात्र फारसं दुःख झालं नाही. कसं होणार? त्याचं बोललेलं तिला सगळं ऐकू यायचं. मोरीतून पुटपुटलं तरी यायचं. "अगं तू सोंग करतेस," तो म्हणायचा. "बाकी जगाचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग." लीना हसायची. वाटायचं, झालं ते वाईट नाही झालं. जो आवाज जाऊ नये म्हणून जीव तुटत होता, तोच राहिला. इतर आवाजांच्या भेसळीशिवाय, निखळ तोच. किती बायकांना असं मिळतं?

रेडिओग्रामच्या झाकणावर तिने भरतकामाचा रुमाल घातला. आतलं यंत्र गोरक्षनाथकडे पडून होतं, त्याचे सुटे भाग मिळेनात. खोकं बाहेर द्यायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आत बघितलंही नाही.

पहिला पाऊस लांबलेलाच होता, त्या दिवसांतली एक संध्याकाळ. लीना स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तव्यावर भाकरी फुगत होती, बिनआवाजाची. पुढच्या खोलीत नारायण वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसला होता.

"काय म्हणालीस?" त्याचा आवाज आला.

लीनाने काहीच म्हटलं नव्हतं. तिला वाटलं, दारात कुणी आलं असेल.

"हो, आठवतंय की." तो थांबला. मग हसला. "छे छे, तेव्हा तू पिवळं पातळ नेसली होतीस." पुन्हा थांबला. अर्धीच लाईन लागल्यासारखं ते बोलणं होतं. अशी एका बाजूची बोलणी तिने उभ्या आयुष्यात बोर्डावर कधी ऐकली नव्हती. तिला नेहमी दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. नारायण खुर्चीत रेलला होता, वर्तमानपत्र मांडीवर. डोकं त्याने उजवीकडे कलंडवून रेडिओग्रामच्या लाकडाला टेकवलं होतं, डोळे मिटून, अगदी आरामात.

"अहो!" लीना ओरडली. घसा ताणून ओरडली, तिला घशात कळ जाणवली. "अहो, उठा तिथून!"

नारायणने डोळे उघडले. दारात उभ्या असलेल्या लीनाकडे त्याने पाहिलं, जरा गोंधळून.

"काय गं?" तो म्हणाला. "बोल की. नुसते ओठ काय हलवतेस?"

ती पुन्हा ओरडली. त्याचं नाव घेऊन ओरडली, जे लग्नानंतर तिने कधी घेतलं नव्हतं. तो कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग कंटाळून त्याने मान फिरवली, कान पुन्हा लाकडाला लावला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची आठी मिटली.

"हां," तो म्हणाला, "आता कसं नीट ऐकू आलं."